आई बरी आहे, म्हणूनच ये

१२ ऑक्टोबर

प्रिय लायताई,

फोनवर तू माझा नंबर बंद करून टाकला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझा पत्ता आपल्या गावातल्या चिन आजींच्या भाचीने दिला. तीही तिकडे तैवानात, तुमच्या चियायीतच दिलेली आहे आणि रविवारी तुझ्या गाड्यावर न्याहारीला येते म्हणाली. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या फार मागे लागले होते.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. आई बरी आहे. आपल्या घरातून आलेल्या या वाक्यावर तुझा विश्वास बसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सुरुवात त्यानेच करावी लागते आहे.

मला नोकरी लागली. कान थो शहरातल्या विद्यापीठात, खान्ह मॅडमच्या प्रयोगशाळेत. घरात पहिली पदवी माझी, हे आई शेवंती न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांनाही ऐकवते. तू नववीत शाळा सोडलीस म्हणून मी पुढे गेले, हे ती कोणाला सांगत नाही. मी सांगते.

आमचं काम ऐकून तू म्हणशील, यासाठी शिकलीस का? म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या मरणाचा विचार दिला की त्यांचा मेंदू काय करतो, ते आम्ही पाहतो. डोक्याला तारांची टोपी घालायची. पडद्यावर त्या माणसाचा स्वतःचाच फोटो, पुन्हा पुन्हा. मग तो चेहरा थोडा थोडा करत दुसऱ्याच कोणाचा होतो. बदल झाला की मेंदू किंचित दचकतो, आणि ते दचकणं रेघेवर उमटतं. पण मध्येच जर ‘दफन’, ‘तिरडी’ असा शब्द दाखवला, तर तरुणांच्या मेंदूत ते दचकणंच कमी होतं. जणू कोणी यायच्या आतच दुकानाची फळी लावून घेतली. मरण असेल, पण ते इतरांचं, असं म्हणून मेंदू मोकळा होतो. निदान मॅडमचा अंदाज तसा आहे. म्हाताऱ्यांची फळी याहून घट्ट असेल की सैल, हे आम्हाला बघायचं आहे.

यासाठी म्हातारी माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, आणि मी थेट आपल्या गावात आले. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे फोटो काढायचे आहेत.

तुझी,
सुयेन


४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. हरकत नाही, तुला गंमत सांगायची आहे म्हणून लिहिते.

प्रयोगासाठीच्या फोटोचे नियम मॅडमनी लिहून दिले होते. मागे पांढरा पडदा, चेहरा सरळ समोर, चष्मा नाही, हसायचं नाही. मी ते नियम समाजमंदिराच्या दारावर लावले आणि कॅमेरा मांडून बसले. आधी आल्या चिन आजी. अंगावर निळा जरीचा लांब पोशाख, केसांना खोबरेल चोपडलेलं, कानात सुनेकडून मागून आणलेले हिरवे डूल.

मी म्हटलं, “आजी, लग्नाला निघालात का?”

“चावटपणा करू नकोस. तू नीट काढ. अगं, ही कॉलर सरळ आहे ना? मोठा केल्यावर वाकडी दिसेल.”

“मोठा कशाला करायचा?”

“मग काय देवघरात पासपोर्टएवढा ठेवतात?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर पाहिलं तर रांगेत सगळे तसेच. ताम आजोबांनी कोट घातला होता, घामाने निथळत होते. पांढरा पडदा, सरळ चेहरा, हसू नाही. आपल्याकडे असा फोटो कशासाठी काढतात, हे माझ्याच ध्यानात राहिलं नव्हतं. गावभर बोलणं झालं होतं की साउ बाईंची शिकलेली पोरगी विद्यापीठातर्फे सगळ्यांचे पितरांच्या देवघरातले फोटो काढून देणार आहे, धडधाकट असतानाच, म्हणजे चेहरा चांगला येईल.

मी उभी राहून समजावून सांगितलं की हे फोटो संशोधनासाठी आहेत. सगळ्यांनी मान डोलावली. ताम आजोबा म्हणाले, “हो हो, संशोधन कर की. आणि मग दे. मला जरा तरुण करता येईल का यंत्रात? आमची ही आधी गेली, फोटोत ती चाळिशीतच राहिली आहे. तिच्या शेजारी मी तिचा बाप दिसेन.”

नाही म्हणायला मला जमलं नाही. मी सगळ्यांना फोटो मोठे करून दिले. चिन आजींनी तर भिंतीवर टांगूनही टाकला. रोज त्याच्याकडे बघून वेणी घालतात. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी स्वतःचा तो चेहरा आधीच मेलेल्या माणसाचा म्हणून पाहिला आहे. आपण काय मोजतोय आता?” त्यांना कपाळाला हात लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट राहिली. सगळ्या गावाने फोटो काढून घेतला, आईने नाही. दोनदा पडद्यासमोर येऊन बसली. पहिल्यांदा म्हणाली, चुलीवर मासा ठेवलाय. दुसऱ्यांदा तशीच उठून गेली. चुलीवर काही नव्हतं, मी बघून आले.

सुयेन


२७ नोव्हेंबर

ताई,

आज जरा वेगळं लिहायचं आहे. रागावशील, पण वाच.

परवा आई मला जेवण द्यायला कान थोला आली. डब्यात आंबट सार आणि वर केळफूल. त्या दिवशी यंत्र नीट चालतंय का हे तपासायचं होतं आणि ठरलेला माणूस आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, “आईंना बसवू या का? नातेवाईक आहेत, वयानेही बसत नाहीत, मोजणीत धरायचं नाही. नुसती चाचणी.” आई लगेच तयार झाली. टोपीत डोकं घातल्यावर म्हणाली, “यात माझ्या मनातलं दिसणार नाही ना?” मी म्हटलं, नाही. “मग ठीक आहे. नाहीतर भाजीत मीठ कमी पडलंय ते कळेल तुला.” तिचा पोशाखातला फोटो नव्हताच, म्हणून तिथेच खुर्चीत बसवून, रोजच्या फुलाफुलांच्या कपड्यात एक काढला.

आता ऐक. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या रेघा तरुणांच्या उलट आल्या आहेत. मरणाचा शब्द येवो न येवो, त्यांचा मेंदू स्वतःचा चेहरा बदलला की दचकतो. फळी उघडीच. ताम आजोबा बाहेर येऊन म्हणाले, “माझं तोंड इतकं जवळून बायकोनेसुद्धा पाहिलं नसेल. शेवटी जो दुसरा माणूस झालो ना, तो बरा होता दिसायला.” दफन वगैरे शब्दांचं काय वाटलं विचारलं, तर म्हणाले, “स्पष्ट दिसत होते, अक्षर मोठं होतं.”

मी स्वतः एकदा टोपी घालून बसले होते. माझी रेघ मरणाच्या शब्दानंतर सपाट. आणि आईची माझ्यासारखीच. मी पडद्याकडे बघत राहिले, तेव्हा मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुयेन, एका माणसाच्या रेघेतून काही वाचायचं नसतं. तो गोंगाट असतो. शंभर माणसं एकत्र आली की मग काहीतरी दिसतं, तेही नशीब असेल तर.”

हे मला माहीत आहे. मी ते वाचत नाही. पण बसमध्ये परतताना मी आईला विचारलं, “तू फोटो का काढत नाहीस?”

ती म्हणाली, “काढीन की. मी काय पळून जातेय?”

“सगळ्यांनी काढला.”

“सगळ्यांच्या घरचे सगळे आहेत.”

पुढे ती झोपल्यासारखं करून बसली. आई झोपली की तोंड उघडं राहतं, तुला आठवतं ना. त्या दिवशी बंद होतं.

ताई, आपल्या देवघरातल्या बाबांच्या फोटोबद्दल मी सहा वर्षांत तुझ्याशी बोलले नाही. बाबांचा एकही चांगला फोटो नव्हता. तुझ्या लग्नातला एक होता, तू त्यांच्या शेजारी उभी. फोटोवाल्याने तुला त्यातून काढलं आणि बाबांना कोट चढवला. तुझा आ-हाव महिन्याचा झाल्यावर आईने तुला बाबा गेल्याचं कळवलं, तू त्याला घेऊन धावत आलीस, आणि दारातून आत आल्यावर तुला समोर दिसलं काय, तर तो फोटो. तेव्हा तू जे बोललीस ते मला पाठ आहे. “माझ्या लग्नातून बाबांना कापून काढलंत, आणि बाबांच्या मरणातून मला.” तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तू बरोबर होतीस. मला एवढंच म्हणायचं आहे की ‘सगळ्यांच्या घरचे सगळे आहेत’ हे आई कोणाबद्दल म्हणाली, ते तुला कळलं असेल.

सुयेन


१९ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पार्सल मिळालं. अननसाच्या वड्या आईने शेजारी वाटल्या, लेकीने पाठवल्या असं प्रत्येक दारात सांगून. त्यातली चिठ्ठी मी तिला दाखवली नाही. तू फक्त एवढंच विचारलं आहेस: आई आजारी आहे का, हो की नाही.

नाही.

चिन आजींना मी हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “तू शिकून वेडी झालीस का गं? हो म्हणून लिही. दोन दिवसांत विमानात बसेल. इथे आली की आई धडधाकट बघून रडेल, हसेल, मिटलं.”

“खोटं लिहू?”

“एवढुसं. पुण्याचं काम आहे.”

मी रात्रभर विचार केला असं नाही, पण केला. खरं सांगते, ते फार सोपं होतं. एक शब्द. तू आलीच असतीस. पण मग पुढच्या वेळी आई खरंच आजारी पडेल तेव्हा तुला आमचं काय खरं वाटेल? या घरात एकदा असंच भल्यासाठी झालं आहे.

म्हणून मी आईलाच विचारलं. पाण्यावरच्या मचाणांवर मांडलेल्या शेवंतीच्या कुंड्यांमध्ये होतो, होडीत. ती पाणी शिंपत होती, मी वल्हं धरलं होतं. म्हटलं, “आई, बाबा आजारी असताना तू ताईला का नाही सांगितलंस? पोटात बाळ होतं, विमानात बसू देणार नव्हते, हे सगळं मला माहीत आहे. ते सोडून सांग.”

तिने शिंपायचं थांबवलं नाही. “ती फोन करायची ना, बाबांना द्या म्हणायची, तेव्हा मी म्हणायची, बाबा बागेत आहेत, हात चिखलाचे आहेत.”

“हो.”

“असं म्हटलं की मलाही क्षणभर वाटायचं, बागेतच आहेत. आता येतील, पाय धुतील. फोन ठेवला की परत त्या खाटेपाशी जायचं. मला तेवढा क्षण हवा असायचा गं. रोज वाट बघायची मी तिच्या फोनची.”

मग म्हणाली, “पोरीला कळायचा हक्क होता. तिचं न कळणं मी माझ्यासाठी वापरलं.”

माझं वल्ह्याकडे लक्ष राहिलं नाही. होडी एका कुंडीवर आपटली, तर मला ओरडली, “डोळे कुठे आहेत, तीन महिन्यांची मेहनत आहे!” आपण दोघीही तिच्यावर गेलोय, ताई. महत्त्वाचं काही बोललो की लगेच कोणावर तरी ओरडायचं.

घरी आल्यावर मी फोटोचं पुन्हा विचारलं. “लाय काढेल,” म्हणाली. “बाबांच्या वेळी तिला विचारलं नाही कोणी. माझ्या वेळी तिने ठरवावं, मी कशी दिसावी. तिला वाटलं काढायचा नाही, तर नाही काढायचा.” मी म्हटलं, हे तिला लिहू का? तर म्हणाली, “लिही. पण ये म्हणू नकोस. हंगाम आहे, तिचा गाडा आहे, पोराची शाळा आहे.” म्हणजे काय समजायचं ते तूच ठरव.

मला जे लिहायचं ते मी लिहिते. मी दवाखान्यात नेऊन आईची तपासणी करून घेतली. रक्तदाब थोडा वर, बाकी उत्तम. कागद हवे तर पाठवते, पण कागदाने तुझं समाधान होणार नाही हे मला कळतं. आणि मी तिला तोंडावर सांगून ठेवलं आहे की तिला काही झालं तर त्याच दिवशी मी तुला कळवणार, ती कितीही नको म्हणाली तरी. ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू नाही.

म्हणून म्हणते, आई बरी आहे, म्हणूनच ये. आजारी असती तर तू धावत आली असतीस, आणि खोलीत डॉक्टर, नळ्या, शेजारणी, आणि तुम्हाला दोघींना एकमेकींशी बोलायला जागाच उरली नसती. आता तिला चालता येतं, ओरडता येतं, तुझं ऐकून घेता येतं. तुला तिच्यावर जे रागवायचं आहे ते रागवायला ये. तो राग तिला सोसवेल अशी ती आत्ता आहे.

तुझी,
सुयेन


२० जानेवारी

ताई,

चिन आजींच्या भाचीकडून कळलं की तू तिकीट काढलंस. मला कळवलं नाहीस, याचं मला काहीही वाटलेलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं,” आणि घरातली सगळी पांघरुणं धुवायला काढली. पाऊस नाही, ऊन कडक आहे, तरी सारखी हात लावून बघते वाळली का.

आ-हावला शेवंतीची ॲलर्जी तर नाही ना? असेल तर सांग, पुढची खोली बंद ठेवू.

प्रयोगशाळेत मॅडमनी ठरवलंय की फोटोंची गोष्ट शोधनिबंधात स्पष्ट लिहायची: सहभागी व्यक्तींनी हे फोटो स्वतःच्या मृत्यूनंतर लावायचे म्हणून काढून घेतले होते. त्याने निष्कर्ष दुबळा होतो आणि कदाचित कोणी छापणारही नाही. मी म्हटलं, मॅडम, मला वाटतं तीच खरी माहिती आहे. माणसाने स्वतःचा तो फोटो एकदा शांतपणे भिंतीवर टांगला, की फळी लावायची गरज उरत नसेल. मॅडम म्हणाल्या, “असेल. ‘वाटतं’ हा शब्द मात्र ठेव.” ठेवला आहे.

सुयेन


९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. चार पानी. त्यातली तीन पानं आईच्या तक्रारीची, हे बघून मला इतकं बरं वाटलं की मी ते बसमध्येच दोनदा वाचलं.

तुम्ही गेल्यापासून घर रिकामं आहे. तू आल्या दिवशी मी बाहेर जाऊन बसले होते, तुला वाटलं मी मुद्दाम टाळते आहे. मुद्दामच. तुमचा आवाज वाढला तेव्हा आ-हाव घाबरून माझ्याकडे आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी त्याला बदकं दाखवायला नेलं. आत तू काय बोललीस, आई काय म्हणाली, हे मी विचारणार नाही. परत आलो तेव्हा तुम्ही दोघी मासा साफ करत होतात आणि खवले काढण्यावरून भांडत होतात.

आईचा फोटो मोठा करून आणला. तू काढलेल्यांतला सगळ्यात हसरा तू निवडलास. चिन आजींना तो पसंत नाही. “देवघरात असा दात दाखवून कोणी बसतं का? नातवंडं म्हणतील आजीचं पोट भरलेलं आहे, नैवेद्य कशाला.” आई म्हणाली, “लायने निवडलाय.” मी तो पाकिटातच कपाटात ठेवला होता. आईने बाहेर काढून आरशाशेजारी लावला. येता जाता बघते आणि म्हणते, नाक मोठं आलंय.

आता तुझ्या तक्रारीबद्दल.

तू लिहिलं आहेस की आई तुला रोज पहाटे गाडा लावायच्या वेळेला फोन करते. सोमवारी तिला शिंका आल्या. मंगळवारी डाव्या गुडघ्यात कळ. बुधवारी रक्तदाब बघितला, तो चांगला निघाला, म्हणून ते सांगायला फोन. गुरुवारी स्वप्नात दात पडला. शुक्रवारी काहीच झालं नाही, हे सांगायला फोन. गिऱ्हाइकं उभी असतात, तव्यावर अंडं करपतं, तुझा नवरा हसतो, आणि तू तिला म्हणतेस, आई, इतकं सगळं सांगायची गरज नाही, तर ती म्हणते, “मागून म्हणू नकोस मला सांगितलं नाही.”

मी तिला समजवावं, असं तू लिहिलं आहेस. मी शिकलेली, माझं ती ऐकेल.

नाही समजावणार, ताई. आत्ता मी हे लिहिते आहे, ती ओट्यापाशी उभी राहून तुझा नंबर लावते आहे. काल रात्री तिला थोडा खोकला आला होता. मला तिने अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
सुयेन